आमच्या डोमेनच्या नावाने बनावट मेल जात आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती स्वतःचे डोमेन असलेल्या छोट्या-मध्यम संस्थांसाठी आहे: दुकान, कारखाना, शाळा, पतसंस्था, सीएचे ऑफिस. उदाहरणांत डोमेन ‘तुमचेनाव.इन’ असे धरले आहे. डीएनएस म्हणजे डोमेनची जाहीर नोंदवही; तिच्यातल्या रेकॉर्डचा मजकूर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष पॅनेलमध्ये तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच भरावा लागतो.

सकाळपासून ‘मेल पोहोचला नाही’ असे शेकडो मेल येत आहेत. आम्ही तर काहीच पाठवलेले नाही. खाते हॅक झाले का?

बहुतेक वेळा नाही. पण गृहीत धरू नका, तपासा.

परत आलेल्या मेलपैकी, म्हणजे ‘बाउन्स’पैकी, तीन-चार उघडा. बाउन्सच्या पोटात मूळ मेलचे हेडर (मेल कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदी) जोडलेले असतात. त्यातल्या ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, सर्वांत खालची ओळ सर्वांत आधीची. मात्र खालच्या ओळी स्पॅमर स्वतःही लिहून ठेवू शकतो. ज्या सर्व्हरने बाउन्स पाठवला, त्याने स्वतः जोडलेली ओळ तेवढी भरवशाची. मेल कोणत्या आयपी पत्त्यावरून आत आला ते त्या ओळीत कंसात असते.

तो आयपी तुमच्या मेल सेवेचा किंवा वेबसाइटच्या होस्टिंगचा नसेल, तर तुमच्या खात्याला कोणी हात लावलेला नाही. कोणीतरी दुसऱ्याच मशीनवरून तुमचा पत्ता लिहून मेल सोडत आहे.

आयपी तुमचाच निघाला तर प्रकरण वेगळे. मग हे करा: पासवर्ड बदला, सगळ्या ठिकाणचे लॉगिन बंद करा, अ‍ॅप पासवर्ड रद्द करा, दुहेरी पडताळणी लावा. खात्यात कोणी फॉरवर्डिंगचा किंवा फिल्टरचा नियम टाकून ठेवला आहे का ते जरूर पाहा. पासवर्ड बदलला तरी हा नियम शिल्लक राहतो आणि तुमचे मेल बाहेर जात राहतात. स्वतःचा सर्व्हर असेल तर रांगेत किती मेल अडकले आहेत ते बघा आणि लॉगमध्ये कोणत्या युजरच्या लॉगिनवरून ते गेले ते शोधा. कोणाचेही लॉगिन दिसत नसेल तर बहुधा वेबसाइटवरची एखादी स्क्रिप्ट मेल पाठवते आहे: वर्डप्रेसचे जुने प्लगइन, किंवा कोणीतरी गुपचूप चढवलेली पीएचपी फाइल. ‘सेंट’ फोल्डर रिकामा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्क्रिप्टने पाठवलेला मेल तिथे दिसत नाही.

दुसऱ्याच्या पत्त्याने मेल पाठवता येतो तरी कसा?

मेल पोहोचवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, १९८२ सालची आहे. त्या वेळी जाळ्यावर मोजके संगणक होते आणि पाठवणारा खरा कोण, हे तपासण्याची सोय तिच्यात ठेवलेली नव्हती.

त्यातही एका मेलमध्ये पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. कागदी पत्रात पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या लेटरहेडवर दुसरा असावा, तसे. पाकिटावरच्या पत्त्याला तांत्रिक भाषेत ‘रिटर्न पाथ’ म्हणतात; बाउन्स तिथे येतो. लेटरहेडवरचा ‘फ्रॉम’ वाचणाऱ्याला दिसतो. दोन्ही पत्ते पाठवणाऱ्याने भरायचे आणि दोन्हींत काहीही भरता येते. पुढची सगळी उत्तरे या दोन पत्त्यांतल्या फरकावर उभी आहेत.

आमचेच डोमेन का?

वैयक्तिक वैर क्वचितच असते. स्पॅमरला खरे आणि बदनाम नसलेले डोमेन हवे असते, आणि ज्याच्यावर डीमार्क (बनावट ‘फ्रॉम’चे मेल अडवणारा नियम, पुढे येतो) नाही असे डोमेन त्याला फुकटात मिळते. उद्या तो दुसरे घेईल. तुमच्याच ग्राहकांना तुमच्याच नावाने, बँक खाते बदलल्याचे मेल जात असतील, तर मात्र तो नेम धरून केलेला फसवणुकीचा प्रकार आहे. तेव्हा थेट तक्रारीच्या प्रश्नाकडे जा.

बाउन्सचा पूर चालू आहे. आत्ता, लगेच काय करू?

पहिले काम म्हणजे ‘कॅच-ऑल’ बंद करणे. डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल एकाच खात्यात घेण्याची ही सोय अनेकांनी पूर्वी कधीतरी चालू करून ठेवलेली असते. स्पॅमर एक्सवाय७२@तुमचेनाव.इन असे पत्ते मनाने तयार करतो, त्यांचे बाउन्स येतात आणि कॅच-ऑल ते सगळे तुमच्या पदरात टाकते. सीपॅनेलमध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅड्रेस’मध्ये जाऊन ‘एरर देऊन परत करा’ हा पर्याय निवडा. नुसता गिळून टाकणारा ‘ब्लॅकहोल’ नको. खऱ्या ग्राहकाने पत्ता चुकीचा टाइप केला तर त्यालाही कधी कळणार नाही. एवढ्यानेच बहुतेक ठिकाणी पूर ओसरतो.

स्पॅमरने तुमचा खराखुरा पत्ता, समजा इन्फो@तुमचेनाव.इन, वापरला असेल तर बाउन्स येतच राहतील. मग फिल्टर लावा. खऱ्या बाउन्समध्ये, म्हणजे तुम्हीच पाठवलेला मेल परत आल्यावर, आतल्या हेडरमध्ये तुमच्या सर्व्हरचे नाव असते. ‘विषय बाउन्सचा आहे, पण आत आमच्या सर्व्हरचे नाव नाही’ असा नियम करून ते वेगळ्या फोल्डरमध्ये वळवा. लगेच डिलीट करू नका, पुरावा म्हणून काही लागतील.

स्वतःचा एक्झिम किंवा पोस्टफिक्स सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी ‘बीएटीव्ही’ नावाची युक्ती आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या पाकिटावरच्या पत्त्याला सर्व्हर एक मुदतीची खूण जोडतो. खूण नसलेला बाउन्स आला की दारातच नाकारतो. एक्झिममध्ये त्याची सोय आहे, पोस्टफिक्सला वेगळा मिल्टर (मेल तपासणारा जोड-प्रोग्रॅम) जोडावा लागतो. पाकिटावरचा पत्ता बदलल्यामुळे काही जुन्या मेलिंग लिस्टांना सदस्य ओळखू येत नाही, तेवढे ध्यानात ठेवा.

दोन गोष्टी करू नका. रिकाम्या पाठवणाऱ्याचे सगळे मेल सरसकट अडवू नका. बाउन्स नेहमी रिकाम्या पत्त्यावरूनच येतो, ते अडवले तर तुमचे खरे बाउन्सही बुडतील. आणि ‘तुम्ही खरे माणूस आहात हे सिद्ध करा’ असे उलट उत्तर पाठवणारी यंत्रणा लावू नका. तिची उत्तरे बनावट पत्त्यांवर जातात, म्हणजे तुम्हीच दुसऱ्या कोणाला तरी हाच त्रास देऊ लागता.

एसपीएफ म्हणजे काय आणि ते कसे लिहायचे?

‘आमच्या डोमेनचे मेल या-या सर्व्हरवरूनच निघतात’ ही डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून लावलेली यादी म्हणजे एसपीएफ. गूगल वर्कस्पेस वापरणाऱ्यांसाठी ती अशी:

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर इन्क्लूडपुढे एसपीएफ.प्रोटेक्शन.आउटलुक.कॉम. दोन्ही वापरत असाल तर दोन्ही इन्क्लूड एकाच ओळीत लिहायचे. दोन वेगळे एसपीएफ रेकॉर्ड केले की दोन्ही बाद. तपासणारा सर्व्हर ‘कायमची चूक’ असा शेरा देतो आणि तुमचे चांगले मेलही लटकतात. जुन्या होस्टिंगवाल्याने टाकलेला एक आणि नव्याने टाकलेला दुसरा, असे जोडरेकॉर्ड आपल्याकडे फार सापडतात.

दुसरी मर्यादा १० ची. एसपीएफ तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येते. इन्क्लूड, ए (डोमेनचा आयपी), एमएक्स (मेल घेणारा सर्व्हर) यांपैकी प्रत्येकाला एक विचारणा लागते, आणि एका इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असू शकतात. न्यूजलेटर, सीआरएम, बिलिंग, भरती पोर्टल असे एकेक जोडत गेले की संख्या दहाच्या वर जाते आणि पुन्हा तोच ‘कायमची चूक’ शेरा. सरळ आयपी लिहिला तर तो यात मोजला जात नाही. न वापरातल्या सेवा काढणे हा मात्र खरा उपाय.

आणखी एक: शेअर्ड होस्टिंगचा आयपी एसपीएफमध्ये घातला की त्याच सर्व्हरवरच्या शेजारच्या वेबसाइटलाही तुमच्या नावाने पास होणारा मेल पाठवता येऊ शकतो. होस्टिंगवाल्याने ते रोखले नसेल तर तुमच्या एसपीएफचा त्या बाजूने काही उपयोग नाही. वेबसाइटचे मेलही गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या एसएमटीपीतून लॉगिन करून पाठवा आणि होस्टिंगचा आयपी यादीतून काढून टाका.

शेवटी ‘~ऑल’ लिहावे की ‘-ऑल’?

‘~’ म्हणजे यादीबाहेरचा मेल संशयास्पद, ‘-’ म्हणजे नाकारा. डीमार्क ‘रिजेक्ट’वर (नापास मेल परत करा, या नियमावर) असेल तर आमचे मत ‘~ऑल’कडे झुकते. कारण ‘-ऑल’ दिसताच काही सर्व्हर पाकिटावरच्या पत्त्यापाशीच मेल परत करतात, डीकेआयएमची सही (पुढच्या प्रश्नात पाहा) बघायलाही थांबत नाहीत, आणि फॉरवर्ड झालेला खरा मेल मरतो. ज्या डोमेनवरून मेल जातच नाहीत, तिथे ‘-ऑल’च हवे. ‘+ऑल’ कधीही नाही. त्याचा अर्थ जगातल्या कोणत्याही मशीनला परवानगी.

आणि डीकेआयएम?

पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो. तिची जाहीर किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये असते. घेणारा सर्व्हर ती जुळवून पाहतो. मजकूर वाटेत बदलला तर सही तुटते. मेल नुसता फॉरवर्ड झाला तर टिकते, आणि एसपीएफपेक्षा हिचे महत्त्व जास्त आहे ते यामुळेच.

गूगल वर्कस्पेसमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या सेटिंगमध्ये किल्ली तयार करायची, डीएनएसमध्ये लावायची आणि परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’चे बटण दाबायचे. तिसरी पायरी विसरणारे पुष्कळ. रेकॉर्ड डीएनएसमध्ये दिसतो, पण सही गूगलच्याच एका डोमेनच्या नावाने होत राहते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये सिलेक्टर१ आणि सिलेक्टर२ असे दोन सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारे) रेकॉर्ड लावून सही चालू करावी लागते. नाहीतर ती ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉमच्या नावाने होते. दोन्ही ठिकाणी सही ‘पास’ दिसते, पण डीमार्कला तिचा उपयोग नसतो.

किल्ली २०४८ बिटची घ्या. ती सुमारे ४०० अक्षरांची होते आणि टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपुरताच असतो. चांगली पॅनेल तिचे आपोआप दोन तुकडे करतात, जुनी पॅनेल शेपूट कापून टाकतात. कुठल्याही मोफत तपासणी साइटवर जाहीर किल्लीची लांबी पाहा. शेपूट कापले गेले असेल आणि पॅनेल बदलता येत नसेल, तर १०२४ बिटची किल्ली सध्या चालेल, त्याखाली नाही.

एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही लावले. तरी आमच्या नावाचे स्पॅम लोकांना मिळतेच आहे. का?

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासते. स्पॅमर पाकिटावर स्वतःचे डोमेन लिहितो, त्याचे एसपीएफ पास होते, आणि लेटरहेडवर तुमचे नाव टाकतो. डीकेआयएमही तसेच: तो स्वतःच्या डोमेनने सही करतो. दोन्ही चाचण्या पास, आणि वाचणाऱ्याला दिसते तुमचे नाव.

ही फट डीमार्क बुजवते. त्याची अट अशी की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक पास व्हावे, आणि जे पास झाले त्याचे डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळावे. जुळले नाही तर काय करायचे ते तुम्ही ठरवता: ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे परत करा.

‘नन’वर बनावट मेल थांबत नाहीत. हे स्पष्ट सांगायचे कारण असे की गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना (जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० पासून पुढे) डीमार्क सक्तीचे केले. तिथे ‘नन’सुद्धा चालते. त्यामुळे अनेकांनी ‘नन’ लावले आणि काम झाले असे समजून फाइल बंद केली.

‘नन’पासून ‘रिजेक्ट’पर्यंत कसे जायचे?

सुरुवात या टीएक्सटी रेकॉर्डने करा. नावाच्या रकान्यात _डीमार्क, मजकुरात:

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:डीमार्क@तुमचेनाव.इन

आरयूए म्हणजे रोजचे अहवाल कुठे पाठवायचे तो पत्ता. तो खराच चालू असला पाहिजे. अहवाल दुसऱ्या डोमेनवर मागवणार असाल, तर त्या दुसऱ्या डोमेनच्या डीएनएसमध्ये परवानगीचा एक रेकॉर्ड लागतो. नसेल तर अहवाल येणारच नाहीत आणि चूक कुठे दिसणारही नाही.

रेकॉर्ड भरताना तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. काही पॅनेल नावाच्या रकान्यात डोमेन स्वतः जोडतात; तुम्हीही पूर्ण लिहिले तर _डीमार्क.तुमचेनाव.इन.तुमचेनाव.इन असा रेकॉर्ड तयार होतो आणि तो कोणी वाचत नाही. दुसरे, व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झालेली असतात, साध्या ‘-’ची लांब रेघ झालेली असते. तिसरे, अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम. भरून झाल्यावर विंडोजमध्ये एनएसलुकअप किंवा लिनक्सवर डिग कमांडने टीएक्सटी रेकॉर्ड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. बदल करण्याआधी टीटीएल (इतर सर्व्हरनी जुना रेकॉर्ड किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवला तर चूक निस्तरायला वेळ लागत नाही.

आता खरे काम: तुमच्या नावाने कायदेशीरपणे मेल पाठवणारे कोण कोण आहेत, त्यांची यादी. रेकॉर्ड लिहायला पाच मिनिटे लागतात, या यादीला आठवडे. ऑफिसचे मेल आठवतातच. विसरतात ते असे: बिले आणि पगारपत्रके पाठवणारे सॉफ्टवेअर, पेमेंट गेटवेच्या पावत्या, वेबसाइटचा चौकशी फॉर्म, न्यूजलेटर, स्कॅन करून थेट मेल करणारे झेरॉक्स मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, सर्व्हररूममधला यूपीएस. अकाउंट्स, एचआर आणि मार्केटिंगला वेगवेगळे विचारा. आयटीवाल्याला सगळे ठाऊक असते हा गैरसमज आहे.

‘नन’वर निदान चार ते सहा आठवडे थांबा, आणि त्यात एक महिनाअखेर यायलाच हवी. काही मेल वर्षातून एकदाच जातात. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सप्टेंबर संपण्याआधी जाते. मार्चमध्ये अहवाल बघून ‘रिजेक्ट’ केले आणि सूचना पाठवणारी सेवा यादीत नव्हती, तर सभासदांना सूचनाच मिळणार नाही.

प्रत्येक सेवेला तुमच्या डोमेनची डीकेआयएम सही करायला लावा. बहुतेक सेवांच्या सेटिंगमध्ये ‘डोमेन ऑथेंटिकेशन’ नावाने ते असते. ज्यांना ते जमतच नाही, उदाहरणार्थ ते झेरॉक्स मशीन, त्यांचे मेल गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या रिलेमधून न्या, किंवा त्यांना ‘अ‍ॅलर्ट.तुमचेनाव.इन’ असे वेगळे सबडोमेन द्या. सबडोमेनला स्वतःचे एसपीएफ लागते, मुख्य डोमेनचे त्याला लागू होत नाही. डीमार्क मात्र मुख्य डोमेनचेच खाली उतरते.

अहवालात तुमच्या सगळ्या सेवा पास दिसू लागल्या की पी=क्वारंटाइन करा आणि दोन-तीन आठवडे थांबा. तक्रारी नाहीत, अहवालही स्वच्छ, मग पी=रिजेक्ट. पीसीटी हा टॅग वापरून आधी २५ टक्के मेलांना नियम लावता येतो, पण सगळे सर्व्हर तो सारखा पाळत नाहीत. छोट्या संस्थेने त्यात वेळ घालवू नये.

ते अहवाल म्हणजे झिप फाइल येते. वाचायची कशी?

आत एक्सएमएल असते. नुसत्या डोळ्यांनी वाचायची गरज नाही. पार्सडीमार्कसारखे मोफत सॉफ्टवेअर किंवा एखादी सशुल्क सेवा तिचे तक्ते करून देते. प्रत्येक नोंदीत आयपी, त्या आयपीवरून आलेल्या मेलांची संख्या आणि एसपीएफ-डीकेआयएमचे निकाल असतात. मेलचा मजकूर नसतो.

प्रत्येक आयपी कोणाचा ते पाहून तीन ढीग करा. आपला आणि पास: सोडा. आपला पण नापास: दुरुस्त करा. परका आणि दोन्हींत नापास: बनावट, त्याच्यासाठीच हा खटाटोप. परका आयपी, एसपीएफ नापास पण डीकेआयएम पास, असे दिसले तर घाबरू नका. तुमचा मेल कोणीतरी फॉरवर्ड केला आहे. पण अशा नोंदी एकाच आयपीवरून अचानक हजारोंनी आल्या तर बघा. तुमची सही असलेला एकच खरा मेल पकडून तो जसाच्या तसा लाखोंना पाठवण्याचा प्रकारही चालतो.

प्रत्येक नापास मेलची प्रत मागवणारा आरयूएफ टॅगही आहे. जीमेल असे अहवाल पाठवत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

‘रिजेक्ट’ केल्यावर काही जणांना आमचे खरे मेल मिळेनासे झाले.

जवळजवळ नेहमी एकतर यादीतून सुटलेली सेवा, नाहीतर मेलिंग लिस्ट. लिस्ट विषयाच्या आधी कंसात नाव टाकते, खाली तळटीप जोडते. मजकूर बदलला की सही तुटते, आणि एसपीएफ तर लिस्टच्या सर्व्हरचे असते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनवर ‘रिजेक्ट’ लावले तेव्हा जगभरच्या लिस्ट अशाच अडखळल्या. त्यानंतर बहुतेक लिस्ट सॉफ्टवेअरनी ‘फ्रॉम’ बदलून लिस्टचा पत्ता घालायची सोय केली. गूगल ग्रुप्स तसे स्वतःहून करते. मेलमनमध्ये ते सेटिंग चालू करावे लागते. म्हणजे दुरुस्ती लिस्ट चालवणाऱ्याने करायची असते. तुम्ही डीमार्क ढिले करू नका.

वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे मेल आम्हालाच येईनासे झाले.

कारण तुमचा फॉर्म स्वतःच बनावट मेल पाठवत होता. अनेक फॉर्म चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकतात. त्याचे डोमेन ‘रिजेक्ट’वर असेल तर मेल नाकारला जातो, आणि नाकारणे बरोबरच आहे. ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म@तुमचेनाव.इन असा आपला पत्ता ठेवा आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. ‘रिप्लाय’ दाबले की उत्तर त्यालाच जाते.

माझ्याच पत्त्यावरून मलाच धमकी आली: ‘तुझा कॅमेरा हॅक केला, बिटकॉइन पाठव.’

फेकून द्या, पैसे देऊ नका. पत्ता बनावट आहे. मेलमध्ये तुमचा जुना पासवर्ड लिहिला असेल, तर तो कधीतरी कुठल्यातरी वेबसाइटवरून फुटलेल्या यादीतला. तो अजून कुठे वापरत असाल तर तिथे आज बदला. मात्र असा मेल इनबॉक्सपर्यंत आला याचा अर्थ तुमची सेवा येणाऱ्या मेलवर तुमच्याच डोमेनचा डीमार्क लावत नाही, किंवा तो अजून ‘नन’वर आहे. गूगल अ‍ॅडमिनमध्ये ‘स्पूफिंग’च्या सुरक्षेत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये अँटी-फिशिंग धोरणात हे सेटिंग आहे.

डीमार्क ‘रिजेक्ट’वर आहे, तरी ग्राहकाला आमच्या नावाचा मेल गेला. कसा?

पूर्ण पत्ता बघा. बहुधा नाव तुमच्या मालकाचे आणि पत्ता भलत्याच जीमेलचा असतो. मोबाइलवर फक्त नाव दिसते, त्यामुळे खपून जाते. किंवा डोमेन मिळतेजुळते असते: ‘तुमचेनाव-इंडिया.इन’, एखादे अक्षर जास्त, किंवा इंग्रजीतल्या ‘ए’सारखा दिसणारा रशियन लिपीतला ‘ए’. या दोन्हींना डीमार्क काही करू शकत नाही, कारण ती डोमेन तुमची नाहीतच. अशा डोमेनची तक्रार त्याच्या रजिस्ट्रारकडे करा; .इन असेल आणि तुमचा ट्रेडमार्क असेल तर आयएनडीआरपी या .इन डोमेनच्या वादांसाठीच्या प्रक्रियेतून दावा लावता येतो. पैशाच्या व्यवहारात एक नियम ग्राहकांना लेखी देऊन ठेवा: बँक खाते बदलल्याचे आम्ही केवळ मेलने कळवणार नाही, आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.

वापरात नसलेल्या डोमेनचे काय?

कुलूप लावा, आणि इथे वाट बघायची गरज नाही. सगळे एकाच दिवशी करता येते. एसपीएफ: व्ही=एसपीएफ१ -ऑल. डीमार्क: पी=रिजेक्ट. एमएक्स रेकॉर्डमध्ये प्राधान्य ० आणि सर्व्हरच्या जागी फक्त एक टिंब; याला ‘नल एमएक्स’ म्हणतात आणि इथे मेल घेतले जात नाहीत हे त्यातून कळते.

नागरी सहकारी बँकांसाठी हे विशेष महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन डोमेनवर जायला सांगितले होते. नव्या डोमेनवर गेल्यावर जुने सोडून देऊ नका. मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग त्याचे मेल बनावटही ठरत नाहीत. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे पास होऊन तुमच्या खातेदारांपर्यंत जातात. दरवर्षी नूतनीकरण करा आणि वरचे कुलूप लावून ठेवा.

तक्रार कुठे करायची? काही उपयोग होतो का?

ज्यांचे पैसे गेले त्यांनी १९३० वर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते, म्हणून तास महत्त्वाचे. पाठोपाठ सायबरक्राइम.गव्ह.इन या पोर्टलवर नोंद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६डी, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक, इथे लागू पडू शकते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६ए चा उल्लेख कोणी केला तर ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले आहे.

कंपन्या आणि संस्थांसाठी सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. त्यांच्या यादीत स्पूफिंग आणि फिशिंग हल्ले येतात. लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे आणि लॉग १८० दिवस जपायचे.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पुरत नाही. मेल ईएमएल फाइल म्हणून उतरवून ठेवा; जीमेलमध्ये मेलच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ उघडल्यावर डाउनलोडचा पर्याय येतो. ग्राहकाकडचा मेल हवा असेल तर त्याला तो फॉरवर्ड करायला सांगू नका, मूळ हेडर गळतात. अटॅचमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पैशाचा प्रश्न नसेल, नुसते स्पॅम असेल, तर ज्या आयपीवरून मेल निघाले त्याच्या मालकाचा तक्रारीचा पत्ता हूइजमध्ये (आयपी कोणाचा याची जाहीर नोंद) शोधा आणि हेडर व वेळ (भारतीय वेळ असे स्पष्ट लिहून) कळवा. चांगली होस्टिंग कंपनी असेल तर ते मशीन बंद करते, वाईट असेल तर उत्तरही येत नाही. बाउन्स पाठवणाऱ्या सर्व्हरवर राग काढू नका. भारतात ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही, आणि ट्रायची डीएनडी व्यवस्था फोन आणि एसएमएसपुरती आहे. तिथे ईमेलची तक्रार घेतली जात नाही.

ग्राहकांना सगळ्यांना मेल करून सावध करावे का?

नेम धरून फसवणूक झाली असेल तर हो, पण शक्यतो फोनने किंवा वेबसाइटवरच्या सूचनेने, आणि त्यात कुठलीही लिंक न देता. नुसत्या स्पॅमसाठी नको. ज्यांना ते गेले ते बहुधा तुमचे ग्राहक नसतातच.

आमचे मेल यामुळे काळ्या यादीत जातील का?

मोठ्या मेल सेवा मुख्यतः आयपी आणि पडताळणी झालेले डोमेन बघतात, त्यामुळे बनावट मेलचा डाग तुमच्या सही केलेल्या मेलना सहसा लागत नाही. सही नसेल तर खरे आणि खोटे वेगळे करायला त्यांच्याकडे फार काही उरत नाही. तुमचा आयपी किंवा डोमेन खरोखर एखाद्या यादीत दिसले, तर आधी पहिल्या प्रश्नातली तपासणी पुन्हा करा. बहुतेक वेळा कुठलेतरी खाते किंवा फॉर्म खरोखरच गळत असतो. गळती बंद केल्याशिवाय नाव काढायचा अर्ज केला तर पुन्हा यादीत जाल आणि दुसऱ्या वेळी सुटायला जास्त दिवस लागतील.